‘किती वाळलास रे!’ म्हणण्याआधी

हर्णे बंदरावरचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे, तिथे मासा पारखायला दोन सेकंद पुरतात. कल्ला उचलायचा, लाल आहे की काळपट पडलाय ते बघायचं. डोळा चकचकीत आहे का बघायचं. बोटाने दाबायचं, मांस वर येतंय की खड्डा राहतोय बघायचं. झालं, बोली सुरू. समोर सुवर्णदुर्ग, मागे बैलगाड्या, टेम्पो आणि बर्फ, आणि मधल्या वाळूत सगळा धंदा नजरेवर चाललेला.

अडचण एवढीच, की ही पारख आपण माशांपाशी थांबवत नाही. लिलावातून बाहेर पडलो की तीच नजर माणसांवर. ‘काय रे, गाल पार बसले तुझे!’ ‘अगं, हात बघ कसे काडीसारखे झालेत, शिरा मोजून घ्याव्यात.’ ‘पोट तेवढं सुटलंय, बाकी अंगावर काही नाही.’ बोलणारी काकू प्रेमानेच बोलते, मित्र गंमत म्हणूनच बोलतो. पण ऐकणारा जर एचआयव्हीची औषधं घेत असेल, आणि ते गावात कोणालाच माहीत नसेल, तर त्या एका वाक्याने त्याची रात्रीची झोप उडते. ‘यांना कळलं वाटतं,’ हा पहिला विचार. आणि दुसरा विचार त्याहून वाईट: ‘या गोळ्यांमुळेच होतंय, बंद करून टाकतो.’

आजचा विषय हाच आहे. एचआयव्हीच्या औषधांनी शरीरातली चरबी जागा बदलते, म्हणजे नेमकं काय होतं, का होतं, आणि त्यात तुमचा-माझा काय संबंध. संबंध आहे, थोडं थांबा.

आधी हे बघू की बसलेले गाल पाहून आपल्याला हाच आजार का आठवतो. १९८०च्या दशकात युगांडात लोकांनी या आजाराला नावच ‘स्लिम’ ठेवलं होतं. उपचार नव्हते, माणसं वाळत जात आणि मरत. भारतात १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून पहिली प्रकरणं समोर आली आणि पुढची पंधरा-वीस वर्षं आपल्याकडेही हेच चित्र डोक्यात पक्कं बसलं: हाडांचा सापळा, खाली भीती घालणारी ओळ. तुमच्या आईवडिलांनी शाळेच्या, दवाखान्याच्या भिंतीवर ती पोस्टर्स पाहिलीत. कोकणातल्या ज्या घरांतला एक माणूस मुंबईला असायचा, त्या घरांत तो सुट्टीला आला आणि थोडा रोडावलेला दिसला, तरी कुजबुज व्हायची. म्हणजे ‘वाळणं’ हा शब्द तेव्हाच बदनाम झाला.

मग औषधं आली, आणि इथे या गोष्टीला मुंबईचा धागा आहे. २००१ साली सिप्ला या मुंबईच्या कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी जाहीर केलं की तीन औषधांचा उपचार आपण दिवसाला एका डॉलरपेक्षा कमी दरात देऊ, म्हणजे एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलर. तेव्हा परदेशी कंपन्यांच्या त्याच उपचाराला वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलर लागत होते. जगभरातल्या गरीब देशांसाठी हा अक्षरशः जीव वाचवणारा दिवस होता. तीन औषधं एकाच गोळीत बसवली गेली: स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरॅपिन. १ एप्रिल २००४ पासून केंद्र सरकारने मोफत उपचार सुरू केले. सुरुवातीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. मरणाच्या दारातली माणसं सहा महिन्यांत उठून कामाला लागली. हे आधी नीट लक्षात घ्या, कारण पुढचं वाचून कोणी ‘औषधंच वाईट’ असा अर्थ काढू नये.

त्या तिघांतलं स्टॅव्ह्युडिन हे स्वस्त होतं, सुरुवातीला सहज सोसायचं, म्हणून सगळीकडे तेच. पण साधारण वर्षभर किंवा जास्त काळ घेतल्यावर अनेकांच्या अंगावर वेगळीच खूण उमटायला लागली. गालांतली चरबी गेली, कानशिलं खोल गेली. हातापायांच्या कातडीखालची चरबी उतरली, शिरा दोरीसारख्या वर आल्या. बाकावर बसलं की हाडं टोचायला लागली, कारण बसण्याच्या जागेची गादीच गेली. काहींच्या बाबतीत उलटंही झालं: पोटाच्या आत चरबी साठली, मानेमागे उंचवटा आला, छाती भरली. एकाच अंगावर इकडे ओहोटी आणि तिकडे भरती. डॉक्टर या सगळ्याला मिळून ‘लिपोडिस्ट्रॉफी’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा बोट मुख्यतः प्रोटिएज इनहिबिटर या दुसऱ्या गटाच्या औषधांकडे होतं. गाल आणि हातपाय सुकण्यामागे स्टॅव्ह्युडिनचा हात मोठा, हे नंतर पक्कं झालं.

का होतं ते विज्ञानाच्या पुस्तकातलं आहे, तुम्हाला झेपेल. एचआयव्ही आपली प्रत काढायला एक एन्झाइम वापरतो. स्टॅव्ह्युडिन त्या एन्झाइमला खोटी वीट पुरवतं, भिंत तिथेच थांबते, विषाणू वाढत नाही. पण आपल्या पेशींत तंतुकणिका असतात, दहावीत ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ म्हणून पाठ केलेल्या. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो, आणि त्याच्या प्रती काढणारं एन्झाइमही या खोट्या विटेला फसतं. कातडीखालच्या चरबीच्या पेशींना हा फटका जोरात बसतो. ऊर्जाकेंद्रं कमी होत जातात आणि पेशी मरतात. म्हणून गाल बसतात. खाणं कमी पडलं म्हणून नाही, आजार वाढला म्हणून नाही, आणि कोणाच्या चारित्र्याचा तर त्यात काडीचा संबंध नाही. उलट अनेकदा असं, की रक्तातला विषाणू पूर्ण आटोक्यात आणि चेहरा मात्र आजारी दिसतोय.

दुर्दैव बघा. वाळण्याच्या आजारावर गोळी मिळाली, आणि त्या गोळीनेच चेहऱ्यावर वाळल्याची खूण सोडली. मुंबईसारख्या शहरात माणूस लोकलच्या गर्दीत हरवून जातो. हर्ण्यात, आंजर्ल्यात, दाभोळात कुठे हरवणार? सकाळी बंदरावर, दुपारी एसटी स्टँडवर, संध्याकाळी देवळापाशी किंवा मशिदीपाशी तीच माणसं. गुपित तोंडाने सांगितलं नाही तरी तोंडावर दिसतं, ही भीती घेऊन जगायचं. त्यातून गोळ्या लपवणं, चुकवणं, सोडणं. आणि गोळ्या सोडल्या की विषाणू परत उसळतो, कधी त्याच औषधांना दाद न देणारा होऊन.

आपल्याकडचे डॉक्टर हे बघत नव्हते असं नाही. पुण्याचे डॉ. संजय पुजारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या, हीच पहिल्या फळीची औषधं घेणाऱ्या रुग्णांमधली लिपोडिस्ट्रॉफी आणि रक्तातल्या चरबीतले बिघाड यांवरचा अभ्यास २००५ मध्येच प्रसिद्ध केला होता. म्हणजे मोफत उपचार सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने आधी स्टॅव्ह्युडिनचा डोस कमी करायला सांगितलं आणि २००९च्या अखेरीस ते टप्प्याटप्प्याने बंदच करा म्हणून सांगितलं. भारतात ते मागे पडून टेनोफोविर पुढे यायला आणखी काही वर्षं गेली. श्रीमंत देशांनी हे औषध त्याच्या बरंच आधी बाजूला ठेवलं होतं. स्वस्त होतं म्हणून गरिबांच्या वाट्याला ते जास्त काळ राहिलं, हे कडू असलं तरी खरं आहे. माझं स्वतःचं मत: तेव्हा दुसरा परवडणारा पर्याय नव्हता, त्यामुळे सुरुवात चूक नव्हती. पण बदलायला लागलेला वेळ ज्यांच्या चेहऱ्यावरून गेला, त्यांची माफी कोणी मागितलेली नाही.

आता तुमचा संबंध. २००६च्या अखेरीस देशात लहान मुलांसाठी एचआयव्हीच्या औषधांचा वेगळा कार्यक्रम सुरू झाला. जन्मताच आईकडून विषाणू आलेली ही मुलं. त्यांच्या छोट्या गोळ्यांतही स्टॅव्ह्युडिन असायचं. तेव्हा तीन-चार वर्षांचं असलेलं मूल आज विशी ओलांडून गेलंय. कॉलेजात आहे, बोटीवर खलाशी आहे, मोबाइलच्या दुकानात आहे, तुमच्या क्रिकेटच्या टीममध्ये आहे. त्यातल्या काहींच्या गालांवर लहानपणीच्या औषधाची खूण अजून आहे, कारण गोळी बदलल्यावर चरबी परत येते ती हळूहळू, वर्षावर्षांनी, आणि बऱ्याचदा अर्धवटच. ग्रुप फोटोत जो नेहमी मागे उभा राहतो, सेल्फीला नको म्हणतो, दाढी वाढवून गाल झाकतो, त्याला ‘हडकुळ्या’ हे टोपणनाव तुम्ही ठेवलं असेल. प्रत्येक बारीक मुलगा एचआयव्हीचा असतो असं मी म्हणत नाहीये, कृपा करून तसं शोधायला निघू नका! म्हणायचं एवढंच की समोरच्याच्या अंगाचं कारण तुम्हाला माहीत नसतं.

स्टॅव्ह्युडिन आता गेलं. २०२०च्या आसपास आपल्या सरकारी केंद्रांवर नवी गोळी आली: टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर, दिवसाला एकच. विषाणू झटपट आटोक्यात आणते, पोटात सहसा त्रास देत नाही. पण चरबीचा प्रश्न पूर्ण सुटला का? नाही, त्याचं तोंड फिरलं. पूर्वी तक्रार होती ‘वाळलो’, आता तक्रार येते ‘सुटलो’. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गमध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर झालेल्या ‘अॅडव्हान्स’ चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. जुन्या एफाविरेन्झवाल्या गोळीपेक्षा डोल्युटेग्राविरवर वजन जास्त वाढलं, आणि बायकांचं पुरुषांपेक्षा अधिक.

इथे मात्र घाई नको. वजन वाढण्याची तीन कारणं एकमेकांत मिसळलेली असतात. एक, उपचाराआधी आजाराने घटलेलं वजन परत येतं. ते तर हवंच आहे, तब्येत सुधारल्याचीच ती खूण. दोन, औषधाचा स्वतःचा वाटा. किंवा असंही, की जुनी औषधं वजन दाबून धरत होती आणि ती काढल्यावर ते मोकळं झालं. शास्त्रज्ञांमध्ये यावर अजून चर्चा चालू आहे. आणि तीन, जे तुम्हा-आम्हा सगळ्यांना लागू: भात, वडापाव, रात्री उशिरा जेवण, बाइकशिवाय दोनशे मीटर न जाणं. सगळं गोळीच्या नावावर घालून चालणार नाही. आपल्याकडे पोटाला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून कौतुक मिळतं, तेही एक आहेच.

पण हे पोट नुसतं दिसण्यापुरतं नसतं. आतड्यांभोवती साठणारी चरबी साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब या रस्त्याने हृदयाकडे जाते, आणि एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. आपल्या आशियाई शरीरांसाठी कमरेचा घेर पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० सेंटीमीटरच्या आत असावा असं धरतात. शिंप्याकडची टेप पुरते. महिन्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी, बेंबीच्या रेषेत मोजा आणि लिहून ठेवा. वजनकाट्यापेक्षा हे जास्त सांगतं.

तर हे वाचणारे तुम्ही स्वतःच त्या गोळ्या घेत असाल तर. या पानावर तुम्हाला कोणी बघत नाहीये, म्हणून सरळ बोलतो. गोळी स्वतःहून बंद करू नका, एक दिवसाआड घेऊ नका, अर्धी करू नका. अंगात बदल दिसला तर पुढच्या तारखेला एआरटी केंद्रात स्पष्ट सांगा. जुना फोटो मोबाइलमध्ये असेल तर दाखवा, कारण रोज आरशात बघणाऱ्याला आणि चार महिन्यांनी बघणाऱ्या डॉक्टरला बदल वेगवेगळा दिसतो. वजन, कंबर, साखर, रक्तातली चरबी तपासून घ्या. कधी औषध बदलता येतं, कधी बदलायची गरज नसते, पण तो निर्णय कागद समोर ठेवून दोघांनी मिळून घ्यायचा.

आणि कोणी तुम्हाला ‘जिवंत आहेस ना, मग गालांचं काय घेऊन बसलास?’ असं ऐकवलं, तर ऐकून गप्प बसू नका. हे वाक्य अनेक रुग्णांनी अनेक ठिकाणी ऐकलेलं आहे. बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर देतोय. विशीतल्या मुलीला लग्नाचं बघायला येणार असतात, मुलाला नोकरीच्या मुलाखतीला जायचं असतं, त्यांना चेहऱ्याचं वाटणार नाही तर कोणाला वाटेल? हा प्रश्न फालतू नाही. तो न ऐकल्यामुळे माणूस केंद्रात यायचाच थांबतो, आणि मग गालांचा नाही, जिवाचा प्रश्न होतो.

जिमवाल्यांसाठी वेगळं. व्यायाम जरूर करा. वजनं उचलल्याने बारीक हातपायांवर स्नायू येतो आणि चालण्या-पळण्याने पोट उतरतं. गेलेली चरबी व्यायामाने गालांवर परत येणार नाही, तेवढी आशा ठेवू नका. पण ट्रेनरने दिलेले ‘फॅट बर्नर’ आणि सुया-गोळ्यांतली स्टेरॉइड्स यांच्या नादी लागू नका. अजून एक, जे फार जणांना माहीत नसतं: कॅल्शियम, लोह, झिंक यांच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची काही औषधं डोल्युटेग्राविरला पोटात धरून ठेवतात, रक्तात पुरेसं जाऊ देत नाहीत. काही प्रोटीन पावडरमध्ये हेच क्षार मिसळलेले असतात. वेळेचं अंतर ठेवून हे सांभाळता येतं. किती अंतर ते केंद्रातल्या फार्मासिस्टला डबा दाखवून विचारा. बसलेले गाल इंजेक्शनने भरून घेण्याचे उपाय जगात आहेत. अमेरिकेत २००४ मध्येच एकाला मान्यता मिळाली. पण खर्च खिशाचा, आणि तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. त्यामुळे ‘एका बैठकीत चेहरा पूर्ववत’ अशी जाहिरात दिसली की खिसा सांभाळा.

आणि ज्यांचा या गोळ्यांशी संबंध नाही त्यांच्यासाठीही दोन गोष्टी, कारण अर्धा आजार आपल्या जिभेवर आहे. पहिली विज्ञानाची. नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडतच नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवरच्या ज्या अभ्यासाने २०११ मध्ये जगाला दाखवलं की लवकर उपचाराने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, त्यात पुण्याचंही केंद्र होतं. नंतरच्या अभ्यासांनी उरलेली शंका दूर केली. म्हणजे बसलेल्या गालांचा, गोळ्या न चुकवणारा माणूस कोणालाही धोका नाही. धोका आहे तो न तपासलेल्या, छान दिसणाऱ्या, स्वतःलाच माहीत नसलेल्या माणसाकडून. नजरेने पारख इथे पूर्ण उलटी पडते.

दुसरी गोष्ट कायद्याची. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कोणाची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. नोकरी, शिक्षण, उपचार, भाड्याचं घर यांत भेदभाव करता येत नाही. या आजारासोबत जगणाऱ्यांविरुद्ध द्वेष पसरवला तर तीन महिने ते दोन वर्षं कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘अमक्याला तेच आहे म्हणे’ असं टाकण्याआधी हे आठवा. आणि समजा तुम्ही टाकलं नाही, फक्त वाचलं, तर ‘काढून टाक’ एवढे दोन शब्द लिहायला काय जातं?

राहिला प्रवासाचा भाग. हर्णे ते दापोली पंधरा-एक किलोमीटर, ते ठीक. पण जिल्हा रुग्णालय रत्नागिरीत, शंभर किलोमीटरहून जास्त, एक दिवस मोडतो. बोटीवर जाणाऱ्याचे तर आठ-आठ दिवस समुद्रात जातात. तब्येत स्थिर असलेल्यांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याची सोय आहे, ती मागून घ्या. तपासणी आणि समुपदेशन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात होतं. कुठे जायचं हेच कळत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करा, नाव न सांगता बोलता येतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणायचं काम चालू असतं. वर्षाची व्हायरल लोडची तपासणी, साखर, कोलेस्टेरॉल आणि डॉक्टरशी ते राहिलेलं बोलणं उरकायला याहून चांगले दोन महिने नाहीत. ऑगस्टला बोट सुटताना डब्यात गोळ्या मोजून घ्या, फेरी लांबली तर म्हणून चार-पाच जास्तीच्या, आणि पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा.